खोली गरम झाली की आपोआप बंद

९ डिसेंबर, मंगळवार

बिल आलं! शंतनूने मोबाइल जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. कुणाचा एक्स-रे दाखवावा तसा. आम्ही सगळे वाकून बघतोय. आश्लेषाचा घास हातातच राहिला. शेवटी ईश्वरी म्हणाली, "पापा, ये हमारा ही है ना? नीचेवालों का तो नहीं?"

आमचंच होतं.

दिवाळीनंतर मी आले आणि मीटर पळायला लागला — असं कुणी बोललं नाही. पण मला काय कळत नाही? मिरजेत डिसेंबर म्हणजे पहाटे एक स्वेटर, ऊन वर आलं की तोही खुर्चीच्या पाठीवर. इथे चंडीगडात फरशी पायाला चावते. डोक्यावर थेट गच्ची. प्रत्येक खोलीत तो लाल रॉडचा हिटर, गिझर दिवसभर चालू. बिल नाही येणार तर काय येणार?

शंतनू कपाळाला हात लावून बसला. सेक्टर ३९ मधल्या एवढ्या मोठ्या संस्थेत संशोधक, आणि विजेच्या बिलापुढे लहान पोरासारखं तोंड! मीच म्हटलं, "अरे, उभा जन्म वॉर्ड चालवला मी. अर्ध्या सामानात पूर्ण काम कसं करायचं ते मला विचारा."

हसला. किती दिवसांनी हसला!

१० डिसेंबर

आज कंबर कसली. खिडक्यांच्या फटींतून वारा नुसता शिट्ट्या मारतो. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या, गुंडाळ्या करून फटीत बसवल्या. हॉलच्या मोठ्या खिडकीला मिरजेहून आणलेली गोधडी टांगली. आश्लेषा बँकेतून आली, दारातच थबकली.

"आई, गोधडी? खिडकीला? लोक काय म्हणतील!"

"म्हणू देत. लोकांच्या म्हणण्याने खोली गरम होते का?"

तिने पर्स ठेवली, आत गेली. ही अशीच. मोजकं बोलते, बघते जास्त. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मला ती अजून कळली नाही.

गिझर आता एकदाच लावायचा, आणि सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकायच्या. लाल रॉडवाले हिटर माळ्यावर. संध्याकाळी सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र बसायचं, एकच हिटर. रजया दुपारी गच्चीवर उन्हात टाकायच्या — झोपताना ऊब फुकट! ईश्वरी म्हणते, "आजी, आप तो हमारी बिजली मंत्री हो."

फक्त हॉलमधल्या माशांच्या पेटीला हात लावायचा नाही. त्यात पाणी गरम ठेवायची एक कांडी असते. ती बंद केली तर मासे मरतात. बरं बाबा!

१३ डिसेंबर, शनिवार

काय लिहू? डोळे भरून आले.

शंतनू दुपारी खोका घेऊन आला. माझ्या खोलीसाठी नवा हिटर! तेलाचा, पांढरा, चाकं असलेला, छोट्या मेंढीसारखा दिसतो. "तू दिवसभर घरी एकटी असतेस. सगळ्यांसारखं तुला चालणार नाही." मी म्हटलं, अरे पण बिल? तर म्हणाला, "आई, हा ऑटोमॅटिक आहे. खोली गरम झाली की आपोआप बंद, गार झाली की आपोआप चालू. तू बटणाला हात लावूच नकोस. ट्रस्ट मी." भिंतीतल्या प्लगला आणखी एक पांढरी डबी लावली, तिच्यावर निळा दिवा. हिटर त्या डबीत खोचला.

हे गेल्यावर या पोराला एकटीने वाढवलं. रात्रपाळीला जाताना शेजारच्या विमलकडे झोपवून जायचे. आज त्याने माझ्या पायाशी ऊब आणून ठेवली.

विमलला लगेच फोन केला. तिचा मुलगा मिरजेतच असतो, पण तिला कधी पंखासुद्धा घेऊन दिला नाही. मुद्दाम सांगितलं. थोडं चुकलंच माझं. पण सांगितलं!

१७ डिसेंबर

हिटर छान आहे. पण जरा लहरी आहे.

सकाळी सगळे बाहेर पडतात — शंतनू संस्थेत, आश्लेषा सेक्टर १७ ला बँकेत, ईश्वरी शाळेत — तोवर मस्त चालतो. मग बंद. दुपारी थोडा वेळ लागतो, मी चहा करून येईपर्यंत परत बंद. गंमत म्हणजे संध्याकाळी शंतनू यायच्या सुमारास खोली अगदी उबदार! तो येतो, हात चोळतो, म्हणतो, "वा, इथे तर मजा आहे."

मधल्या वेळात मी रजईत. रजईत बसून वाती वळल्या, मटार सोलले.

२० डिसेंबर

आज त्याला विचारलं. म्हटलं, शंतनू, तो मेंढा दुपारी फार लवकर थांबतो रे. खोली गार असते तरी.

"आई, खोली बावीस डिग्रीला असते. त्याच्याशिवाय तो बंदच होत नाही."

"मग मला का एवढं गारठायला होतं?"

"तुला वाटतंय फक्त. एकटी बसून राहतेस ना. जरा हालचाल कर."

बरोबर असेल. तो शिकलेला आहे, आकडे त्याला कळतात.

आश्लेषा ओट्याशी उभी होती. तिने मान वळवून बघितलं आणि परत कुकरकडे वळली. मला राग आला. ही बोलत का नाही काही?

२३ डिसेंबर

धुकं. समोरचं घर नाही, झाड नाही, काही नाही. ऊन नाही म्हणून रजया गच्चीवर नेता आल्या नाहीत. दोन स्वेटर, शाल, दोन पायमोजे, वर शंतनूची जुनी टोपी. आरशात बघितलं — चौकीदार!

पायाची बोटं सुजलीत. लाल झालीत, ऊब लागली की खाज सुटते. हे थंडीचं आहे, नर्सला कुणी सांगायला नको. पण खोली बावीस डिग्री असताना थंडीने बोटं सुजतील कशी?

कुणाला दाखवली नाहीत.

२६ डिसेंबर, शुक्रवार

शंतनूने आज रजा काढली आणि मला रक्त तपासायला नेलं. थायरॉइड कमी असलं की थंडी जास्त वाजते म्हणाला. खरंच आहे ते. लॅबमधल्या मुलीला शीर सापडेना. थंडीने शिरा आत गेलेल्या. मीच दंड बांधून मूठ उघड-मीट केली, म्हटलं, इथे टोच बेटा. शंतनू शेजारी उभा. माझ्या खांद्यावर हात होता त्याचा.

किती काळजी घेतो! गाडीत म्हटलंसुद्धा त्याला.

२७ डिसेंबर

सगळं नॉर्मल.

"बघ आई. म्हणजे वयच. मनाला लावून घेऊ नकोस."

२८ डिसेंबर

मला थंडी वाजत नाही. मला थंडी वाजते असं वाटतं. लिहून ठेवते, म्हणजे लक्षात राहील.

१ जानेवारी

नवं वर्ष. आश्लेषाने गाजरहलवा केला. मला वाटी दिली तेव्हा माझ्या हाताला तिची बोटं लागली. दचकली. "आई, किती गार हात!" म्हणाली, आणि शंतनूकडे बघितलं. तो म्हणाला, "आईचे हात पहिल्यापासून असेच आहेत."

असे होते? आता मलाच आठवेना. पेशंट तर म्हणायचे, सिस्टरचा हात उबदार आहे.

मला आता संशय येतो की हिच्याच मनात आहे — सासू आली आणि खर्च वाढला. तसं असेल तर तोंडावर बोल ना बाई.

५ जानेवारी, सोमवार

अक्षर बघ कसं आलंय!

थंडीमुळे शाळा बंद आहेत. ईश्वरी मैत्रिणीकडे गेली होती, मी एकटी. आज हिटर बंदच झाला नाही! सकाळपासून चालू. मी खोलीत बसून पहिल्यांदा शाल काढली. म्हटलं, यंत्राला सुबुद्धी सुचली. जेवून छान डुलकी लागली होती, तेवढ्यात शंतनूचा फोन.

"आई, काय करतेस? हिटर चालू आहे का गं?"

"हो रे! आज काय छान चाललाय."

"जरा बंद कर. मागचं बटण दाब. बराच वेळ चालू राहिलाय."

"अरे, तो ऑटोमॅटिक आहे ना? खोली गरम झाली की होईल बंद."

म्हणाला, "हो, पण... आज घरचं वायफाय बंद आहे ना, म्हणून."

"वायफायचा आणि हिटरचा काय संबंध?"

"आई, मीटिंग आहे. तू बंद कर फक्त."

बंद केला. सवयीने. त्याने सांगितलं आणि मी केला! मग पलंगावर बसून राहिले. तो तिकडे संस्थेत. हिटर इकडे माझ्या खोलीत. बराच वेळ चालू राहिलाय, हे त्याला कुणी सांगितलं?

चारच्या सुमारास ईश्वरी आली. तिला सहज म्हणून विचारलं, ती निळ्या दिव्याची डबी कशासाठी गं?

"स्मार्ट प्लग है, आजी। पापा फोन से ऑन-ऑफ करते हैं।"

"म्हणजे आपोआप नाही होत?"

"नहीं तो।" मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "आपको पता नहीं था? मम्मी ने तो कहा था आपने ही बोला है..." आणि तिथेच थांबली. गोंधळली बिचारी. चॉकलेटी डोळे मोठ्ठे झाले. मला म्हणाली, "सॉरी आजी।" तिने कशाला सॉरी म्हणायचं?

म्हणजे रोज. रोज सकाळी ऑफिसात पोचायचं, खिशातून फोन काढायचा, आणि आईची खोली बंद करायची. संध्याकाळी निघताना परत चालू — आत आल्यावर "वा, इथे तर मजा आहे"!

आणि माझं रक्त काढलं! माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. त्याला माहीत होतं मला थंडी का वाजते. शंभर टक्के माहीत होतं. आणि सुई जाताना बघत उभा राहिला!

६ जानेवारी

माशांच्या पेटीतलं थर्मामीटर काढून माझ्या खोलीत आणून ठेवलं. दुपारी हिटर बंद झाल्यावर मुद्दाम बराच वेळ थांबले, मग चष्मा लावून बघितलं.

बारा.

परत नेऊन पेटीत सोडलं. पारा बघता बघता वर चढला. मासे पंचविसात आहेत.

८ जानेवारी

बिल आलं. निम्मं!

शंतनूने टाळ्या वाजवल्या. "क्रेडिट आईचं!" ईश्वरी ताटात बघत होती. आश्लेषाही. मी म्हटलं, "असं कसं? आपण सगळ्यांनीच केलं." आवाज नीट आला माझा. वॉर्डात शिकले ते.

मी त्याच्याशी बोलले का नाही अजून? रोज ठरवते. तो समोर आला की मला खोका घेऊन दारात उभा असलेला शंतनू दिसतो. तो खरा होता का? मला तो खराच वाटला होता. विमलला फोन करून सांगितलं होतं मी!

पैशाचं मला काही वाटत नाही. पुन्हा पुन्हा तपासून बघते मनाशी — नाही वाटत. "आई, हिटर परवडत नाही" एवढं म्हणाला असता, तर तो मेंढा मीच ओढत माळ्यापर्यंत नेला असता. ज्या घरात पहिली गोधडी खिडकीला मी टांगली, त्या घरात माझ्यापासूनच चोरून वीज वाचवायची गरज होती?

एवढी वर्षं इंजेक्शनं दिली. लहान पोरांनासुद्धा कधी म्हटलं नाही की दुखणार नाही. दुखेल, म्हणायचे. जरासं दुखेल, माझा हात धर. खोटं बोलून सुई टोचली की पोर दुसऱ्यांदा हात देत नाही.

१३ जानेवारी

लोहडी. खालच्या अंगणात मोठा जाळ केला होता. रेवड्या, शेंगदाणे, ढोल. घरमालकीणबाईंनी मला ओढून पुढे उभं केलं — "आओ जी, आग सेको!" चेहरा भाजेपर्यंत उभी राहिले. किती बरं वाटलं! पाठ गार, तोंड गरम.

जाळापलीकडे शंतनू उभा होता. हसत कुणाशी बोलत होता. मनात आलं, हा माणूस कोण आहे?

१४ जानेवारी, संक्रांत

बोलले.

तिळगुळाची वाटी घेऊन त्याच्या हातावर लाडू ठेवला. म्हणाला, "गोड बोल हं आई." मी म्हटलं, "तूच बोलतोस की गोड. खोली बावीस डिग्री आहे, तुला वाटतंय फक्त — किती गोड बोललास!"

लाडू हातातच राहिला. मग सुरू झाला. आई, ऐक. आई, तसं नाही. दर वाढलेत, गाडीचे हप्ते आहेत, ईश्वरीची फी आहे. तुला हिटर नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. आईला कसं सांगू की परवडत नाही? लाज वाटली.

मी म्हटलं, "परवडत नाही हे सांगायची लाज वाटली. आणि मला वेड्यात काढायची नाही वाटली?"

"वेड्यात कुठे काढलं?"

"माझं रक्त तपासलंस, शंतनू."

"ते काळजीपोटी—"

"माझी बोटं बघ." मी पायमोजे काढले. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. ईश्वरी रडायला लागली. आश्लेषा हातातलं सगळं टाकून खाली बसली, माझं पाऊल तिच्या ओंजळीत घेतलं. तिचे हात गरम होते.

शंतनू काय म्हणाला असेल? "हे तू मला आधी का नाही दाखवलंस?"

म्हणजे चूक माझीच!

१५ जानेवारी

तो बोलत नाही. मीही नाही. निळा दिवा मात्र दिवसभर जळतोय, हिटर बंदच होत नाही. आता ती ऊब नको वाटते.

१६ जानेवारी, शुक्रवार

ठरवलं. मिरजेला जाते. विमलच्या मुलाने तिकीट काढलं — ज्याने पंखा घेतला नाही म्हणून मी हसले होते, त्याने. पुढच्या आठवड्यातली थेट गाडी. बॅग काढली. शंतनूला सांगितलं तर म्हणाला, "आई, इतकं ताणू नकोस यार. एका हिटरवरून." मग शूज घालून गेला.

दुपारी दार वाजलं. आश्लेषा! अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. माझ्या खोलीत आली, बॅगेशेजारी पलंगावर बसली. म्हणाली, "आई, मला शंतनूने सांगितलं होतं की तुम्हीच त्याला तसं करायला सांगितलंय. तुम्हाला झोप लागते, हिटर चालू राहील याची भीती वाटते, म्हणून. मला खरं वाटलं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तो म्हणाला, आईला विषय काढलेला आवडत नाही. तू वीज उधळतेस असं तिला वाटतं, तुझ्यावर आधीच नाराज आहे."

मी असं कधीच म्हटलेलं नाही! आणि मला तो म्हणायचा, आश्लेषासमोर बिलाचा विषय काढू नकोस, तिचं डोकं फिरतं. दोघी एका घरात, एकाच ओट्याशी — आणि दोघींच्या मध्ये तो निरोप्या.

मी तिच्याबद्दल काय काय मनात आणलं!

मग तिने विचारलं, "त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं? तंतोतंत काय शब्द?"

"तुला वाटतंय फक्त."

आश्लेषाच्या चेहऱ्याचा रंग गेला. मला वाटलं चक्कर येते की काय, नाडी धरली तिची. धावत होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली तिने. तेव्हा तिला सारखं वाटायचं, आपण न सांगितलेलं शंतनूला माहीत असतं. बँकेतून निघून ती मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायली, तर घरी हा विचारणार, कॉफी कशी होती? बहिणीला काही लिहिलं तर दोन दिवसांनी त्याच्या बोलण्यात ते येणार. तिने विचारलं की एकच उत्तर — तुला वाटतंय फक्त. शेवटी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. मनाच्या. संशय येतो म्हणून. कित्येक महिने गोळ्या घेतल्या तिने. गोळ्यांनी झोप यायची, कॅश मोजताना चुका व्हायच्या. "मी स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आई, की माझं डोकं ठिकाणावर नाही."

मी तिच्यासाठी चहा केला. आलं घालून. दोघी माझ्या पलंगावर एका रजईत पाय घालून बसलो.

१७ जानेवारी

आश्लेषाने तिच्या बँकेतल्या कश्मिराला घरी बोलावलं. तिला फोनमधलं सगळं कळतं. तिने आश्लेषाचा फोन घेतला, इकडे-तिकडे बोट फिरवलं आणि फोन आमच्यापुढे धरला.

आश्लेषा कुठे आहे, हे शंतनूच्या फोनला क्षणोक्षणी कळत होतं. तिचे मेसेज त्याच्या लॅपटॉपवर उघडत होते. आजपर्यंत. कालचा बहिणीचा मेसेजसुद्धा.

कश्मिरा पंजाबी मिसळून हळूच म्हणाली, "दीदी, तुसी ठीक सी। आप बिल्कुल ठीक थे।"

आश्लेषा हसली. मग तोंडावर ओढणी धरून इतकी रडली, इतकी रडली! मी तिला जवळ घेतलं. माझ्या मुलाने रडवलेली ही बाई. मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

हा मी वाढवलेला मुलगा. कुठे शिकला हे? घरात दोघंच होतो आम्ही.

१८ जानेवारी, रविवार

दार लावून बोलले ते दोघं, शंतनू आणि आश्लेषा. मी ईश्वरीला घेऊन गच्चीवर थांबले. धुक्यात थोडंसं ऊन होतं. तिने माझा हात धरून ठेवला होता.

खाली आलो तेव्हा शंतनू म्हणत होता, "मला तुमची काळजी वाटते म्हणून केलं. दोघींची." शांतपणे. समजावून सांगतात तसं. त्याला खरंच तसं वाटतं! हे सगळ्यात भयंकर.

पण या वेळी आश्लेषाने सरळ त्याच्याकडे बघितलं. तोच नजर चुकवत होता.

१९ जानेवारी

माझी बॅग भरून दाराशी ठेवली आहे. ईश्वरी तिच्यावर बसून राहिली, उठेचना.

२० जानेवारी

गेला. मी नाही — शंतनू. दोन सुटकेस घेऊन, संस्थेच्या गेस्टहाउसमध्ये. हे घर बँकेने आश्लेषासाठी भाड्याने घेतलंय, हे मला कालपर्यंत माहीतही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आई कुठे जाणार नाहीत. तू जा."

त्याचे स्वेटर मीच घड्या करून भरले. लोकरीची टोपी वर ठेवली. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "आई, तू तरी सांग ना तिला. तू माझी आई आहेस."

बाहेर धुकं होतं. त्याच्या पायात सपाता होत्या, बूट आत राहिले होते. बूट आणून दिले.

मग मी दार लावलं. आतून.